स्वप्नांचं रेशनकार्ड

२०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने देशातल्या शंभराहून जास्त मागास जिल्ह्यांची यादी काढली आणि त्यांना 'मागास' न म्हणता 'आकांक्षित' म्हणायचं ठरवलं. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात बसले. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आमचा उस्मानाबाद. (२०२३ पासून धाराशिव. लिहिता लिहिता जुनं नाव आलं तर सांभाळून घ्या, जिभेचं वळण लवकर जात नाही.) आकांक्षित म्हणजे ज्याला काहीतरी हवंय, असा! नीती आयोगाने या जिल्ह्यांची प्रगती मोजायला ४९ निर्देशक ठरवले. आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी, बँक आणि कौशल्यं, रस्ते-वीज. सगळे महत्त्वाचे आहेत, माझं काही म्हणणं नाही. फक्त गंमत एवढीच की आकांक्षेच्या नावाने चाललेल्या या योजनेत इथल्या पोरापोरींना नेमकं काय व्हायचंय, हा प्रश्न कुठेच नाही.

पण नीती आयोगाला कशाला बोल लावा? तो प्रश्न आम्ही तरी कुठे विचारतो? उत्तर सगळ्यांना पाठच आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा, लोहारा... कुठल्याही तालुक्यातल्या शाळेत जा आणि आठवीच्या वर्गात "कोण होणार?" विचारा. कलेक्टर, पीएसआय, डॉक्टर. त्याच वर्गातल्या पोरांना सहा-सात वर्षांनी भेटा. यादी थोडी खाली उतरलेली असते. तलाठी, पोलीस, ग्रामसेवक. यादीबाहेरचं उत्तर दिलं की वर्ग हसतो आणि कित्येकदा गुरुजीही हसतात.

मला हे रेशनच्या दुकानासारखं वाटतं. दुकानात जे आलंय तेच कार्डावर मिळणार, तुम्हाला काय खावंसं वाटतंय याला किंमत नाही. आपण आपल्या मुलांना स्वप्नांचं असंच एक रेशनकार्ड काढून दिलंय. त्यावर चार-पाच वस्तू आहेत, आणि त्या वस्तू दुकानात आहेत किती, हे मात्र पोराला कुणी सांगत नाही.

तर आधी किती आहेत ते बघू. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. परीक्षेची फी खुल्या वर्गाला १,००० रुपये, राखीव वर्गाला ९००. गुणाकार तुम्हीच करा. निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत कुणाला २१४ गुण मिळाल्याचं दिसलं. त्याला 'सामान्यीकरण' म्हणतात असं समजावण्यात आलं. पोलीस भरतीचं घ्या. २०२४ मध्ये १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज. आणि सगळ्यात वरचं स्वप्न, यूपीएससी. २०२३ च्या परीक्षेत पूर्वपरीक्षेला बसले जवळपास सहा लाख, निवडले गेले १,०१६. वैद्यकीय प्रवेशासाठी २०२४ ला नीट देणारे २३ लाखांवर आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या आसपास. आमच्या शेजारच्या लातूरने एका 'पॅटर्न'च्या जोरावर यातल्या बऱ्याच जागा खेचून आणल्या हे खरं आहे, आणि त्या मेहनतीला माझा नमस्कार. पण लातूरच्या क्लासच्या जाहिरातीत फोटो लागतो तो प्रवेश मिळालेल्यांचा. दोन-दोन वर्षं रिपीट करून, बापाचं एखादं एकर गहाण टाकून परत आलेल्यांचा फोटो लागत नाही.

फोटोचीच गोष्ट काढली तर ती पूर्ण सांगतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. गावातला एखादा मुलगा पास झाला की काय होतं? एसटी स्टँडसमोर फ्लेक्स. उघड्या जीपमधून मिरवणूक. गुलाल, डीजे, हल्ली तर जेसीबीने फुलं उधळतात. आमदारांचा सत्कार, शाळेचा सत्कार, समाजाचा सत्कार, पतसंस्थेचा सत्कार. मग त्याची भाषणं. या पोराबद्दल मला आनंदच आहे, त्याने ते कमावलंय. पण खाली मांडी घालून बसलेलं सातवीतलं पोर यातून काय शिकतं, ते बघा. या गावात माणसाला मान मिळायचा एकच रस्ता आहे, हे ते शिकतं. अठरा वर्षांचं होईपर्यंत दुसऱ्या कुठल्या कामासाठी कुणाच्या गळ्यात हार पडलेला त्याने पाहिलेलाच नसतो. उत्तम मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याच्या पडलाय? दुष्काळात बाग जगवणाऱ्याच्या? पंधरा वर्षं गावची बाळंतपणं निभावून नेणाऱ्या नर्सबाईंच्या? त्यांना आपण कामापुरतं ओळखतो.

मग वाचनही तसंच. विश्वास नांगरे पाटलांचं 'मन में है विश्वास' अभ्यासिकेच्या प्रत्येक कपाटात असतं, आणि 'ट्वेल्थ फेल' हा सिनेमा २०२३ मध्ये आला तेव्हा पोरं तो बघून रडली. रडू द्या, सिनेमा चांगला आहे. पण पोहोचलेल्यांच्याच गोष्टी ऐकत राहिलं की पोहोचणं हा नियम वाटायला लागतो आणि न पोहोचणं हा स्वतःचा दोष. सहा वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर काढून, मेसचं जेवण जेवून, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ट्रंक घेऊन परत आलेल्याचं पुस्तक कुठे आहे? असे हजारो आहेत. पुढच्या पोराला खरं म्हणजे त्यांच्याकडची माहिती जास्त उपयोगाची आहे. पण त्यांना आपण स्टेजवर बोलावत नाही, उलट त्यांनाच तोंड लपवायला लावतो. "काय करायलाय तुमचा पोरगा?" "पुण्याला हाय, अभ्यास करायलाय." हे उत्तर पाच वर्षं चालतं. सहाव्या वर्षी आई दिवाळीला पोराला म्हणते, "नको येऊस बाबा, लोक इच्यारतेत." स्वतःच्या गावात यायची चोरी! २०२१ मध्ये पुण्यात पूर्व आणि मुख्य अशा दोन्ही परीक्षा पास झालेल्या, पण मुलाखतच न झाल्याने लटकलेल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाने जीव दिला. तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला, रिक्त पदं भरण्याच्या घोषणा झाल्या. आयोगाला दोष द्यायलाच हवा, वेळापत्रक पाळणं हे त्यांचं काम आहे. पण पोराला दुसरा दरवाजाच दिसू नये अशी भिंत बांधली कुणी? ती आयोगाने नाही बांधली. ती तुम्ही-आम्ही बांधली.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी नोकरी मागणारा तरुण काय वेडा आहे? अजिबात नाही! तो आपल्या सगळ्यांपेक्षा हिशेबाला पक्का आहे. त्याने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलाय, २०१५-१६ चा पाहिलाय. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात उभी पिकं, जनावरं आणि मातीसुद्धा वाहून गेलेली पाहिलीय. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्या हंगामात भाव त्याच्या खालीच राहिला, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. बापाच्या हातात वर्षभराचा हिशेब कधी जुळलेला त्याने पाहिला नाही, आणि शेजारच्या शिक्षकाचा पगार एक तारखेला जमा होताना पाहिलाय. शिवाय दलित घरातल्या मुलाला सरकारी नोकरीचा अर्थ आणखी वेगळा आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला, मराठवाड्यातल्या पिढ्या त्यातून शिकून बाहेर पडल्या, आणि वाड्यावर वाकून उभं राहणाऱ्या घरातला माणूस खुर्चीवर बसला. त्या खुर्चीला नाकं मुरडणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. माझी तक्रार ती खुर्ची हवीशी वाटण्याबद्दल नाहीच. ती खुर्ची सोडली तर माणूस म्हणून उभं राहायला दुसरी जागाच आपण शिल्लक ठेवली नाही, याबद्दल आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाडा पेटला तेव्हाही मला हेच जाणवत होतं. मागणी बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. पण ज्या रांगेच्या तोंडाशी एवढ्या थोड्या जागा आहेत, त्या रांगेतल्या जागेसाठी आख्खी पिढी रस्त्यावर येते, कारण रांगेबाहेर उभं राहणं म्हणजे कुणीच नसणं, हे तिच्या मनावर कोरलं गेलंय.

बरं, हे आपल्याकडेच आहे असंही नाही. इजिप्तमध्ये १९६० च्या दशकात नासर सरकारने प्रत्येक पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली. पोरं धडाधड पदव्या घेऊ लागली, आणि पुढे नोकरीची वाट बघायची वर्षं दहाच्या घरात गेली. वाट बघत लग्नं अडली, घरं अडली. क्रेग जेफ्री नावाच्या अभ्यासकाने मेरठच्या शिकलेल्या, नोकरीची वाट बघणाऱ्या तरुणांवर २०१० साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव काय असावं? 'टाइमपास'! ही पोरं आळशी नव्हती. शेतीत परतायची लाज आणि नोकरीची आशा या दोन्हींच्या मध्ये ती अडकली होती. मेरठच्या जागी कळंब घातलं तरी चालेल.

अर्जुन अप्पादुराई हे मूळचे मुंबईचे मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी २००४ मध्ये एक फार मोलाची गोष्ट मांडली. आकांक्षा बाळगणं ही एक क्षमता आहे आणि ती समाजात सारखी वाटलेली नाही, असं ते म्हणतात. मला ते नकाशाच्या उदाहरणाने चांगलं कळतं. सुखवस्तू घरातल्या मुलाकडे दाट नकाशा असतो. मोठा रस्ता, आडरस्ता, कुठे वळायचं, चुकलं तर कुठून परत यायचं, काका तिकडे आहे, मावशी इकडे आहे. गरीब मुलाच्या नकाशावर एकच रस्ता असतो आणि त्याच्या टोकाला एक लाल दिवा. गाडीवरचे लाल दिवे २०१७ मध्ये गेले, नकाशावरचा गेला नाही.

म्हणून मला त्या 'मोठी स्वप्नं बघा' छाप व्याख्यानांचा राग येतो. अहो, आमच्या पोरांनी आधीच सगळ्यात मोठं स्वप्न बघितलंय! जिल्ह्यात कलेक्टर एकच असतो, आणि वर्गातल्या निम्म्यांना तोच व्हायचंय. याहून मोठं स्वप्न अजून काय बघायचं? कमी पडतायत त्या मधल्या पायऱ्या. रोजंदारी आणि कलेक्टर यांच्या मध्ये जी शंभर कामं आहेत, त्यांची नावं, त्यांचे रस्ते, त्यातली कमाई आणि त्यातला धोका, हे सांगणारा माणूस पाहिजे. तो व्याख्यानाचं पाकीट घेऊन जाणारा नसतो, म्हणून त्याला कुणी बोलावत नाही.

मुलींचं आणखी वेगळं. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. बीड आणि परभणीत तर हा आकडा चाळिशीच्या वर आहे. अशा भागात मुलीने "मला इतक्यात लग्न करायचं नाही" म्हटलं तर ते कुणी ऐकत नाही. पण "मी भरतीचा अभ्यास करतेय" म्हटलं तर बाप वर्षभर थांबतो. पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरींपैकी किती जणींना खाकीची ओढ आहे आणि किती जणी एक एक वर्ष विकत घेतायत, हे त्यांनाच ठाऊक. लग्न पुढे ढकलायला समाजाने मान्य केलेलं एकच कारण त्यांच्या हाती आहे, आणि तेही सरकारी जाहिरातीतून आलेलं.

आणि लग्नाचाच बाजार या रेशनकार्डाचा खरा मालक आहे! शेतकरी बापाला जावई शेतकरी नको. नोकरीवाला पाहिजे, पुण्याला फ्लॅट पाहिजे आणि वर गावाकडे दहा एकरही पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वर्तमानपत्रांनी गमतीची बातमी म्हणून छापली. त्यात गंमत काय होती? बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. आधी मुली जन्मू दिल्या नाहीत, आणि ज्या जन्मल्या त्यांच्यासाठी जावई शोधताना शेती करणारा बाद केला. आणि ज्याची त्याने आयुष्यभर लाज बाळगली तोच धंदा करणारा बाप पोराला सांगतो, "माझ्यासारखं होऊ नको." पोराने हे लहानपणापासून ऐकलंय. तो फक्त आज्ञाधारक आहे.

याच जिल्ह्यात तेर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी टिपणात या गावाचं नाव 'तगर' म्हणून आलंय. इथून कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं आणि तिथून समुद्रापार. इथल्याच गोरोबाकाकांनी मडकी घडवता घडवता संतपद मिळवलं. म्हणजे हाताच्या कामाला मान देण्याची परंपरा आम्हाला बाहेरून आणायची गरज नाही. यात्रेला आम्ही गोरोबाकाकांच्या समाधीवर डोकं टेकवतो आणि घरी येऊन पोराला सांगतो, शिकला नाहीस तर मडकी घडवत बसशील! उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, कुंथलगिरीचा पेढा नि भूम भागातला खवा लोक नाव घेऊन मागतात. पण शेळीचा नीट धंदा करणाऱ्या किंवा खव्याची भट्टी चालवणाऱ्या मुलाचा फ्लेक्स स्टँडवर लागलेला मी तरी पाहिला नाही.

तर मग होत नाही का काही? होतं. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपाने सास्तूर-किल्लारीचा पट्टा उद्ध्वस्त झाला. त्याच्या पुनर्बांधणीतून 'स्वयम शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली आणि बायकांबरोबर काम करू लागली. पुढे त्यांनी एक साधी गोष्ट केली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईने नवऱ्याकडून, सासऱ्याकडून मागून घ्यायचा आणि त्यात काय पेरायचं ते तिने ठरवायचं. डाळी, भाजीपाला, बाजरी, आधी घरच्या ताटासाठी. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या बायकांना कुणी 'मोठं स्वप्न बघा' म्हटलं नाही. त्यांना निर्णय घ्यायला एक तुकडा दिला. एकदा निर्णय घेता आला, तो निभावला, की पुढची इच्छा आपोआप सुचते. गांडूळखत करू, बियाणं ठेवू, शेळ्या घेऊ, बचतगटाचं कर्ज काढू. आकांक्षा अशी वाढते. आमच्या तरुणांना पंचविशीपर्यंत एकही निर्णय स्वतः घ्यायला मिळत नाही, घरचा एक वाफासुद्धा नाही, आणि आपण त्यांच्याकडून जिल्हा चालवायची स्वप्नं बघून घेतो.

सरकारने करायच्या गोष्टी सरकारने कराव्यात. परीक्षेची तारीख पाळावी, निकाल वेळेत लावावा, फीचा धंदा करू नये. त्यासाठी भांडूच. पण काही गोष्टींना कुठल्याच जीआरची वाट बघायची नसते. या वर्षीच्या सत्काराला अधिकारी झालेल्याच्या शेजारी, प्रयत्न करून परत आलेल्या आणि आता दुसरं काही नीट करणाऱ्यालाही बसवा, आणि आधी त्याला बोलू द्या. पोराला पुण्याला पाठवतानाच घरात बसून ठरवा, किती वर्षं, किती पैसे, आणि परत आलास तर टोमणा मारणार नाही. हे शेवटचं वाक्य बापाने स्वतःच्या तोंडाने म्हणावं. मुलगी बघायला येणाऱ्यांनी आणि मुलगा बघायला जाणाऱ्यांनी 'नोकरी कुठे आहे' याच्या आधी 'काय येतं' हे विचारावं. आणि शाळेत "कोण होणार?" हा प्रश्न जरा बंदच ठेवा. "कशात हात बसतोय?" असं विचारून बघा.

अवघड आहे, मला माहीत आहे. फ्लेक्स लावणं सोपं असतं. पण या जिल्ह्याला 'आकांक्षित' म्हणायचं असेल तर निदान एवढी लाज बाळगू, की इथल्या पोराने जे मागितलं ते त्याचं स्वतःचं होतं, आपण त्याच्या कार्डावर छापून दिलेलं नव्हतं.

बघा, पटतंय का.